‘माझं रक्त कुठे जातं?’ असं पेशंट विचारतात तेव्हा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विदर्भात एमडी करून अमेरिकेत आलेले एक तरुण डॉक्टर दक्षिणेतल्या एका राज्यात नेफ्रॉलॉजीची, म्हणजे किडनीच्या आजारांची, फेलोशिप करत आहेत. किडनीच्या आजाराशी संबंध असलेल्या एपीओएल-वन या जनुकावरच्या एका अभ्यासासाठी पेशंटच्या संमतीच्या सह्या घ्यायचं काम त्यांच्याकडे आलं आहे. ते लिहितात, ‘कृष्णवर्णीय पेशंट बहुतेक वेळा नको म्हणतात. सिनियर म्हणतात, टस्कीगी, आणि पुढच्या खाटेकडे वळतात. हे नेमकं काय आहे? आणि मी या लोकांशी बोलू कसं?’

मी नागपूरला शिकले आणि गेली एकोणीस वर्षं अलाबामात किडनीचे पेशंट बघते आहे. टस्कीगी हे गाव माझ्या क्लिनिकपासून गाडीने पाऊण तासावर आहे. तिथून आठवड्याला तीनदा डायलिसिसला येणारी माणसं माझ्याकडे आहेत. त्यामुळे उत्तर लांबेल.

पहिली विनंती ही की तुमचे सिनियर करतात तसं करू नका. ‘टस्कीगी’ हा शब्द आपण एखादं निदान चिकटवावं तसा वापरतो. निदान झालं की दोष १९३२ सालच्या डॉक्टरांच्या माथी जातो, अडचण पेशंटच्या मनातली ठरते आणि खाटेशेजारी उभे असलेले आपण त्यातून सुटतो. मीसुद्धा बरीच वर्षं तेच केलं.

पण घडलं काय ते नीट माहीत असायला हवं. बऱ्याच डॉक्टरांना ते अर्धवट किंवा चुकीचंच माहीत असतं.

पब्लिक हेल्थ सर्व्हिस या केंद्र सरकारच्या खात्याने १९३२ मध्ये अलाबामाच्या मेकन काउंटीतले, म्हणजे टस्कीगीच्या परिसरातले, ६०० कृष्णवर्णीय पुरुष निवडले. ३९९ जणांना सिफिलिस हा लैंगिक संबंधातून पसरणारा आजार होता, २०१ जणांना नव्हता. बहुतेक जण दुसऱ्याच्या जमिनीत वाट्याने राबणारे. त्यांना आजाराचं नाव सांगितलं नाही. ‘बॅड ब्लड’ झालंय, एवढंच सांगितलं. गावाकडच्या बोलीत त्या शब्दात अशक्तपणापासून काहीही येत असे. औषधावाचून सिफिलिस शरीराचं काय करतो हे मरेपर्यंत बघायचं आणि नंतर शवविच्छेदन करायचं, असा हा अभ्यास होता. शव हाती लागावं म्हणून दफनाचा खर्च देऊ केला होता, आणि गरिबाघरी ही लहान गोष्ट नव्हती. पाठीच्या कण्यातून पाणी काढायची वेळ आली तेव्हा घरोघर पत्रं गेली, की खास मोफत उपचाराची ही शेवटची संधी आहे, नर्सला जरूर भेटा. त्या सुईत उपचार काहीच नव्हता.

१९४७ च्या सुमारास पेनिसिलिन हे सिफिलिसचं नेहमीचं औषध झालं. या माणसांना ते दिलं नाही, आणि इतर कुणाकडून मिळू नये याचीही व्यवस्था केली. काउंटीतल्या डॉक्टरांकडे नावांची यादी पोचवली होती. महायुद्धाच्या भरतीत रक्त तपासल्यावर यांतल्या काहींना उपचार घ्या म्हणून सांगण्यात आलं, तर भरती मंडळाशी बोलून त्यांची नावं वगळून घेतली.

तुमचे पेशंट कधी म्हणतील, सरकारने सुई टोचून रोग दिला. टस्कीगीत तसं झालं नाही. मात्र लगेच खोडून काढायला जाऊ नका. १९४६ ते १९४८ या काळात ग्वाटेमालात याच खात्याच्या डॉक्टरांनी कैद्यांना, सैनिकांना आणि मनोरुग्णांना मुद्दाम लागण करवली होती. त्यातले डॉ. जॉन कटलर पुढे टस्कीगीच्या अभ्यासातही होते. सुझन रिव्हर्बी या इतिहासकार बाईंना ते कागद सापडले आणि २०१० मध्ये अमेरिकेने ग्वाटेमालाची माफी मागितली. तुमच्या पेशंटचं गाव चुकलं असेल. खातं चुकलेलं नाही.

यातलं काही लपवून केलेलंही नव्हतं, आणि एक डॉक्टर म्हणून मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच. १९३६ पासून वैद्यकीय नियतकालिकांत या अभ्यासावर निबंध छापून येत होते. ‘उपचार न केलेला सिफिलिस’ असे शब्द त्यांच्या मथळ्यातच असत. आपल्यासारखे डॉक्टर ते वाचत आणि पान उलटत. १९६५ मध्ये डेट्रॉइटच्या इरविन शॅट्झ या तरुण हृदयरोगतज्ज्ञाने निबंध वाचून पत्र लिहिलं, की उपचार उपलब्ध असताना माणसांना असं ठेवलं हे माझ्या गळी उतरत नाही. त्यांना उत्तर आलं नाही. पीटर बक्सटन हे त्याच खात्यातले कर्मचारी १९६६ पासून तक्रार करत राहिले. १९६९ मध्ये समिती बसली, आणि तिने अभ्यास चालू ठेवायचं ठरवलं. शेवटी बक्सटन यांनी कागद वार्ताहरांकडे दिले, जुलै १९७२ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या जीन हेलर यांची बातमी आली, आणि मग कुठे तो थांबला. चाळीस वर्षं. तोवर काहींच्या बायकांना लागण झाली होती, काही मुलं सिफिलिस घेऊनच जन्माला आली होती.

एक गोष्ट हमखास नजरेतून सुटते. ही माणसं विश्वास ठेवणारी होती. बोलावलं की येत, रक्त देत, कण्यात सुई घेत. युनिस रिव्हर्स ही नर्स त्यांच्यातलीच, कृष्णवर्णीय होती. तीच गाडीतून न्यायची, नावानिशी सगळ्यांची चौकशी करायची, आणि माणसांचा तिच्यावर जीव होता. तेव्हा ‘त्यांच्यातलाच डॉक्टर पाठवा, काम होईल’ असं कुणी सुचवलं तर रिव्हर्सबाई आठवा. कृष्णवर्णीय डॉक्टर असला की संवाद सुधारतो हे खरं आहे, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या अभ्यासात ते दिसलंही. पण ओळखीचा चेहरा पुढे करून मागचं काम तसंच ठेवायचं, हे एकदा करून झालं आहे.

टस्कीगीच्याच आवारातली आणखी एक गोष्ट सांगते, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. १९५१ मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये हेन्रिएटा लॅक्स या ३० वर्षांच्या कृष्णवर्णीय बाईच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमधून पेशी घेतल्या गेल्या. तिला विचारलं नव्हतं. त्याच हेला पेशी, प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या. आपण सगळे त्यांच्यावर शिकलो. पोलिओची लस तपासायला या पेशी ढिगाने लागणार होत्या. १९५३ च्या सुमारास त्या वाढवायचं केंद्र टस्कीगी इन्स्टिट्यूटमध्ये उभं राहिलं आणि तिथल्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांनी ते उत्तम चालवलं. एकाच गावात एका बाईच्या न विचारता घेतलेल्या पेशींनी जगभरच्या मुलांसाठी काम चालू होतं, आणि आसपासच्या शेतांवरच्या माणसांना पेनिसिलिन मिळू दिलं जात नव्हतं. मला हे पहिल्यांदा कळलं त्या दिवशी क्लिनिकमध्ये माझं मन लागलं नव्हतं.

यामागे आणखी थर आहेत. १८४५ ते १८४९ मध्ये अलाबामाच्याच माँटगोमेरीत मॅरियन सिम्स या सर्जनने गुलाम बायकांवर फिस्टुलाच्या, म्हणजे बाळंतपणात पडलेलं छिद्र बुजवायच्या, शस्त्रक्रिया केल्या, भूल न देता. अनार्का नावाच्या मुलीवर सुमारे तीस वेळा. त्याचं नाव दिलेलं उपकरण आपण ओपीडीत वापरत आलो. जॉर्जियातल्या ऑगस्टाच्या मेडिकल कॉलेजने १८५२ मध्ये ग्रँडिसन हॅरिस हा गुलाम विकत घेतला, कशासाठी तर रात्री कृष्णवर्णीयांच्या दफनभूमीतून विच्छेदनासाठी मुडदे उकरून आणायला. १९८९ मध्ये जुन्या इमारतीच्या तळघरात हाडांचा खच सापडला. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात १९७४ पर्यंत कैद्यांच्या कातडीवर प्रयोग चालले, आणि त्यांत बहुसंख्य कृष्णवर्णीय होते.

यांतली एक गोष्ट मात्र थांबून वाचा, कारण तुमचं काम सह्या घेण्याचं आहे. १९७३ मध्ये माँटगोमेरीत सरकारी पैशावर चालणाऱ्या दवाखान्याने रेल्फ कुटुंबातल्या दोन बहिणींची नसबंदी केली. एक १४ वर्षांची, दुसरी १२. आईला लिहितावाचता येत नव्हतं. मुलींना इंजेक्शनं द्यायची आहेत असं समजून तिने कागदावर फुली मारली होती. तो कागद दिसायला कायदेशीर होता, फाइलमध्ये नीट लावलेला होता. आपल्याकडेही २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्ममच्या एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरोधी) लशीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या कित्येक फॉर्मवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. तेव्हा फॉर्मवर सही आहे म्हणजे संमती आहे, हे मनातून काढून टाका.

आता वर्तमानाकडे येते, कारण नकाराचं मूळ मला जास्त करून तिथेच दिसत आलं आहे. बाल्टिमोरमध्ये लोकांना विचारून झालेल्या एका पाहणीत टस्कीगीची माहिती असणं आणि अविश्वास असणं यांचा थेट संबंध लागला नाही. ज्यांनी नाव ऐकलं नव्हतं, त्यांनाही डॉक्टरांचा भरवसा वाटत नव्हताच. मग हा अविश्वास आला कुठून?

आपल्याच शाखेतलं उदाहरण घ्या. तुम्ही आलात तेव्हा हे बंद झालं होतं, मी मात्र ते वर्षानुवर्षं रोज वापरलं. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून जीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते त्याचा आकडा, काढायच्या सूत्रात पेशंट कृष्णवर्णीय असेल तर उत्तराला गुणायचं असे: जुन्या सूत्रात १.२१ ने, २००९ च्या सूत्रात १.१६ ने. कारण काय, तर त्यांच्या अंगात स्नायू जास्त असतात हे गृहीत. लॅबच्या रिपोर्टवर दोन ओळी छापून येत, एक आफ्रिकन अमेरिकन आणि एक इतर.

माझ्याकडे शाळेची बस चालवणारे एक गृहस्थ होते. काडीसारखे बारीक. त्यांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर सरळ केला, दोन्ही ओळींवर बोट ठेवलं आणि विचारलं, ‘डॉक्टर, यातली माझी किडनी कोणती?’ एका ओळीत १८ होता, दुसरीत २१. मी पाठ केलेलं स्नायूंचं उत्तर दिलं. त्यांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि काही बोलले नाहीत. प्रत्यारोपणाच्या यादीत प्रतीक्षेचा काळ मोजायला सुरुवात होते ती जीएफआर २० किंवा त्याखाली आल्यावर. १८ वाल्या ओळीने त्यांना त्या यादीसाठी त्याच दिवशी पाठवता आलं असतं. मी २१ धरला आणि सहा महिन्यांनी या म्हटलं.

२०२१ मध्ये नवं सूत्र आलं, गुणक गेला. जानेवारी २०२३ पासून जुन्या सूत्रामुळे मागे पडलेल्यांची प्रतीक्षा मागच्या तारखेपासून धरायचा नियम झाला, आणि सव्वा वर्षात १४ हजारांहून अधिक कृष्णवर्णीय पेशंटचा काळ दुरुस्त झाला. त्यात हे गृहस्थही होते. फोनवर मी त्यांना ते सांगितलं, माफीही मागितली. ते म्हणाले, ‘तुम्ही तेव्हाही सभ्यपणेच बोलला होतात.’ हे वाक्य मला सोसत नाही.

पल्स ऑक्सिमीटरचंही तेच. २०२० मध्ये मिशिगनच्या डॉक्टरांनी दाखवलं, की लपलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा बोटावरच्या चिमट्याला कळत नाही. बाळंतपणात मरणाऱ्या कृष्णवर्णीय बायकांचं प्रमाणही गोऱ्यांच्या सुमारे तिप्पट आहे. टेनिसपटू सेरेना विल्यम्ससारख्या बाईला २०१७ मध्ये बाळंतपणानंतर फुप्फुसात गुठळी झाली असावी असं स्वतः सांगून स्कॅनसाठी आग्रह धरावा लागला.

तुम्ही विदर्भातले, म्हणून सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची आठवण देते. सरकारी कॅज्युअल्टीत रात्री दोनला गडचिरोलीकडचा एखादा मुलगा हाडं दुखतात म्हणून तळमळत असायचा आणि कुणीतरी म्हणायचं, ‘नाटकं करतोय, येतो सारखा.’ मीही ते ऐकून गप्प राहिले आहे. इथे आल्यावर पहिल्याच महिन्यात तोच आजार, तीच तळमळ आणि शेरा ‘इंजेक्शनसाठी येतो’. भाषा बदलली होती, बाकी काही नाही. त्या पोराने पुढे डॉक्टरवर भरवसा ठेवला नाही तर तो कुठल्या इतिहासामुळे?

आणखी एक तपासून पाहा. हे लोक खरोखर जास्त नकार देतात का? २००६ मध्ये वीस अभ्यासांतल्या ७० हजारांहून अधिक लोकांची आकडेवारी एकत्र पाहिली गेली. विचारलं तर संमती देण्याच्या प्रमाणात गोरे आणि इतर यांत फरक अगदी किरकोळ निघाला. तुमच्या युनिटमध्ये किती जणांना, किती वेळ देऊन, कुणी विचारलं याची एक महिना नोंद ठेवा. मी ठेवली होती. गोऱ्या पेशंटशी आमची ज्युनियर मुलं खुर्ची ओढून बोलत होती आणि कृष्णवर्णीयांना उभ्याउभ्या क्लिपबोर्ड देत होती. कुणी ठरवून करत नव्हतं.

एपीओएल-वनचा अभ्यास महत्त्वाचा आहे, यात शंका नको. पश्चिम आफ्रिकेतून आलेल्यांच्या वंशजांत सापडणारी ही जनुकाची रूपं तिकडच्या निद्रारोगापासून वाचवत होती आणि दोन प्रती आल्या तर किडनीला मारक ठरू शकतात, आपल्याकडे सिकलसेलच्या जनुकाची एक प्रत मलेरियापासून वाचवते आणि दोन आजार देतात, तसंच. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय १३ टक्क्यांच्या आसपास, पण किडनी निकामी झालेल्यांत ते तिसऱ्या हिश्शाच्या आसपास. औषध यांच्याचसाठी हवं आहे. २०२१ मध्ये कोविडच्या लशीच्या वेळी टस्कीगीच्या त्या माणसांचे वंशज स्वतः पुढे येऊन सांगत होते, की आमच्या वडीलधाऱ्यांना औषध नाकारलं गेलं, तुम्ही स्वतःला नाकारू नका. हे सांगायचा अधिकार त्यांचा होता. तुमच्यामाझ्या तोंडी ते शोभणार नाही, तेव्हा ते वाक्य उसनं घेऊ नका.

आता बोलायचं कसं. सुरुवात हाकेपासून करा. आपण सवयीने वयस्क बाईला ‘आंटी’ म्हणून जातो, मायेने. इथे ते चुकूनही नको. गोरे लोक म्हाताऱ्या कृष्णवर्णीय बाईला ‘आंटी’ आणि पुरुषाला ‘बॉय’ म्हणत, मिसेस आणि मिस्टर म्हणावं लागू नये म्हणून. १९६३ मध्ये अलाबामाच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन या बाईंनी, मला ‘मिस हॅमिल्टन’ म्हणा, तरच उत्तर देईन, असं सरकारी वकिलाला सांगितलं. त्यासाठी त्यांना पाच दिवस कैद आणि ५० डॉलर दंड झाला. पुढच्या वर्षी सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवला. तुमच्या डायलिसिसच्या खुर्चीतल्या सत्तरीच्या बाई तेव्हा शाळेत जात होत्या. मिसेस आणि आडनाव, त्यांनी स्वतः सूट देईपर्यंत.

आणि रक्ताचं सांगा. माझ्याकडे एक आजी आहेत. मनात आजी, समोर अर्थातच मिसेस. महिन्याच्या तपासणीला नळ्या भरल्या की त्या दरवेळी विचारायच्या, ‘हे कुठे जातं?’ टेक्निशियन म्हणायचा, लॅबला. पुढच्या महिन्यात पुन्हा तोच प्रश्न. विसरत असतील असं मला वाटायचं. एकदा मी स्टूल घेऊन बसले, नळ्या हातात घेतल्या, लेबल वाचून दाखवलं: जांभळ्या टोपणाची हिमोग्लोबिनला, सोनेरी पोटॅशियम-फॉस्फरसला, पाचला गाडी येते. ‘आणि उरतं ते?’ मला माहीत नव्हतं. त्यांच्यासमोरच लॅबला फोन लावला. काही दिवस ठेवून नष्ट करतात, नावानिशी कुठे जात नाही, असं कळलं. मग त्यांनी सांगितलं, की लहानपणी त्यांची आई बजावायची, अंधार पडल्यावर हॉस्पिटलच्या रस्त्याने जाऊ नका, रात्रीचे डॉक्टर उचलून नेतात. ऑगस्टाच्या तळघराबद्दल मी वाचलेलं होतं, म्हणून हसले नाही.

काही महिन्यांनी तुमच्यासारख्याच एका जनुकीय अभ्यासासाठी त्यांना विचारलं. त्यांनी फॉर्म घरी नेला, दोन दिवसांनी तीन प्रश्न घेऊन आल्या. आयुर्विम्याच्या कंपनीला कळेल का? नातवंडांना सांगाल का? आणि माझी माहिती किती वर्षं ठेवाल? पहिल्याचं उत्तर मला येत होतं: जनुकीय माहितीबद्दलचा २००८ चा कायदा आरोग्यविमा आणि नोकरीपुरतं संरक्षण देतो, आयुर्विम्याला तो लागू नाही. तसं स्पष्ट सांगितलं. दुसऱ्याबद्दल म्हटलं, ते तुम्ही ठरवायचं. तिसऱ्याचं उत्तर फॉर्ममध्ये नव्हतं. त्या म्हणाल्या, मग नको.

अशा वेळी चार्टमध्ये काय लिहिता याकडे लक्ष द्या. २०२१ पासून पेशंट आपल्या नोंदी फोनवर वाचतात. शिकागोच्या एका अभ्यासात कृष्णवर्णीय पेशंटच्या नोंदींत ‘ऐकत नाही’, ‘हट्टी’ अशा छापाचे शब्द येण्याची शक्यता अडीच पट निघाली होती. मी लिहिलं: ‘माहिती किती काळ ठेवली जाईल याचं उत्तर फॉर्ममध्ये नसल्यामुळे पेशंटने सहभाग घेतला नाही. प्रश्न अभ्यासगटाकडे पाठवला आहे.’ आणि खरोखर पाठवला. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. छापून त्यांच्या खुर्चीपाशी नेलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं आणि म्हणाल्या, ‘लेकीला दाखवते आधी.’